जनरेटरची वीज खांबावर जाऊ देऊ नका

वीज गेली की पूर्वी कंदिलाच्या काचा पुसल्या जायच्या. आता जनरेटरच्या दोरीला हिसका बसतो. दूध संकलन केंद्र, कोंबड्यांची शेड, पिठाची गिरणी, मंगल कार्यालय, झेरॉक्सचे दुकान, सगळीकडे छोटा-मोठा जनरेटर आला आहे. सधन शेतकऱ्याच्या पडवीतही दोन-तीन केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर पोत्याखाली झाकलेला दिसतो. आणि तो हवाच. शेडमधले पंखे उन्हाळ्यात तासभर बंद पडले तर कोंबड्या माना टाकतात, हे कोणी शिकवायला नको. संकलन केंद्रातले दूध चार अंशांवर राहिले नाही तर डेअरीचा टँकर ते परत पाठवतो.

जनरेटर कोणता घ्यावा यावर दुकानदार तुमच्याशी तासभर बोलेल. पेट्रोल किती खातो, आवाज किती करतो, गॅरंटी किती, सगळे सांगेल. पण तो घरच्या वायरिंगला जोडायचा कसा, यावर सहसा कोणी बोलत नाही. तुम्हीही विचारत नाही. घरी आणल्यावर पोरगा म्हणतो, "आबा, मी बघतो", आणि तो जे बघतो त्याबद्दलच हा लेख आहे.

गावोगाव तीन तऱ्हा दिसतात. पहिली म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटात. बस्स, सगळ्या घरात उजेड. दुसरी तऱ्हा जरा जाणत्या माणसाची. तो मीटरजवळचे किटकॅट उपसतो आणि जनरेटरच्या दोन वायरी मेन स्विचच्या खालच्या अंगाला पीळ मारून बसवतो. तिसरी शेतावरची. पंपाच्या स्टार्टरला वरच्या बाजूने जी केबल येते, तिच्याच टर्मिनलवर जनरेटरच्या वायरी चढवतात. खांबावरून आलेली केबल कोणी काढली तर काढली, नाहीतर तशीच.

या तिन्हींत पहिली तऱ्हा सर्वांत वाईट. ती पिन सॉकेटातून निसटली तर हातात उघडी पितळी टोके येतात आणि त्यांच्यात २३० व्होल्ट खेळत असतात. लहान मूल ओढून बघते, म्हशीच्या पायात वायर अडकते, पावसात कोणी घाईने उपसते. अशी वायर घरात असेल तर आजच तिची एक पिन कापून टाका. पुढचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

डीपी उलटीही चालते

आपल्या मनात असे असते की वीज खांबावरून घरात येते. रस्ता एकेरी आहे असेच आपण धरून चालतो. तारेला मात्र एकेरी-दुहेरी काही कळत नाही. घरातल्या वायरिंगवर जनरेटरने दाब दिला आणि मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज मीटरमधून, सर्व्हिस वायरवरून थेट खांबावर जाते. शेजारच्या चार घरांत जाते. आणि तिथून डीपीवर जाते.

डीपीवरचे रोहित्र ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते, हे तुम्हाला माहीत असेल. तेच रोहित्र उलट्या बाजूने दाब दिला तर उलटे काम करते. हिशेब सोपा आहे. एका फेजचा दाब न्यूट्रलशी धरला तर खालच्या बाजूला २५० आणि वरच्या बाजूला ११ हजार, म्हणजे साधारण चव्वेचाळीस पट. तुमच्या पडवीतल्या जनरेटरचे २३० व्होल्ट वरच्या तारांवर दहा हजारांच्या आसपास होऊन बसतात.

इथे कोणी जाणकार म्हणेल, "अहो, एवढ्याशा जनरेटरवर सगळ्या गावाचा भार पडला तर तो गुदमरून बंद पडेल. वरपर्यंत काय जाणार?" बोलणे खोटे नाही. पुष्कळदा तसेच होते, जनरेटर घरघरतो आणि थांबतो. पण वादळाने तार तुटून खांबाच्या एका बाजूला दोनच घरे उरली असतील तर? डीपीवरचे फ्यूज काढून ठेवले असतील तर? मग भार उरत नाही, जनरेटर मजेत चालतो आणि तेवढ्या तुकड्यातली तार जिवंत राहते. आणि नेमकी तीच तार जोडायला वायरमन खांबावर चढलेला असतो.

त्याची बाजू समजून घ्या. त्याने लाईन क्लिअर घेतलेले असते, एबी स्विच उघडलेला असतो, डीपीचे फ्यूज उपसून खिशात ठेवलेले असतात. त्याने तार तपासली तेव्हा ती मेलेलीच होती. पाच मिनिटांनी खाली कोणीतरी दोरी ओढली. नियम सांगतो की काम करण्याच्या जागी तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून घ्याव्यात, म्हणजे मागून कोणी वीज सोडली तरी माणूस वाचतो. मोठ्या लाईनवर ते पाळले जाते. गावातल्या लघुदाबाच्या तारेवर, पावसात, अंधारात, खालून दहा माणसे "लवकर कर" म्हणून ओरडत असताना ते दर वेळी होतेच असे मी म्हणणार नाही. शरीरातून तीस मिलिअँपिअरच्या वर वीज काही काळ गेली तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाच केव्हीएचा जनरेटर वीस अँपिअर देतो. म्हणजे सहाशे पटीहून जास्त.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. रायगड-रत्नागिरीत हजारो खांब आडवे झाले आणि काही गावांत कित्येक दिवस अंधार राहिला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी तेच झाले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा झाले. अशा वेळी दुरुस्तीला परजिल्ह्यातून वायरमनच्या तुकड्या येतात. गावचा वायरमन निदान ओळखून असतो की पाटलांच्या वाड्यात जनरेटर आहे आणि गिरणीतही आहे. परगावच्या माणसाला ते कळायचे कसे?

तुमच्या स्वतःच्या नुकसानीचाही विचार करा. जनरेटर चालू आहे, मेन स्विच चालू आहे आणि एवढ्यात खांबावरची वीज आली. दोन्हींच्या लाटा जुळलेल्या नसतात. जनरेटरचे वायंडिंग जळते, कधी घरातला बोर्ड पेटतो. शेजारी पेट्रोलची टाकी असते.

किटकॅट काढले म्हणजे झाले का?

दुसऱ्या तऱ्हेचे लोक म्हणतात, आम्ही फ्यूज काढतो, आम्हाला काही धोका नाही. अर्धी गोष्ट खरी आहे. किटकॅट काढले की फेज तुटते. न्यूट्रल, ज्याला आपण झिरो म्हणतो, तो तसाच जोडलेला राहतो. झिरोला कोण घाबरतो!

पण लहान जनरेटरची गंमत वेगळी आहे. डीपीवर न्यूट्रल जमिनीला पक्का बांधलेला असतो, म्हणून त्याला हात लागला तरी सहसा काही होत नाही. बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये दोन्ही वायरी जमिनीपासून सुट्या असतात. कोणती फेज आणि कोणता झिरो असा पक्का भेदच नसतो. अशा जनरेटरची एक वायर घरात कुठे ओल्या भिंतीला किंवा पत्र्याला टेकली की दुसऱ्या वायरीवर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट येतात. ती दुसरी वायर म्हणजे तुमच्या घरचा झिरो असेल, तो खांबावरच्या झिरोला जोडलेला असेल आणि वादळात तो झिरो डीपीकडून तुटलेला असेल, तर वायरमन ज्या तारेला निर्धास्त हात घालतो त्याच तारेत वीज असते. आणि फ्यूज तर तुम्ही काढून ठेवलेला आहे!

शिवाय फ्यूज काढणे हे आठवणीवर अवलंबून आहे. रात्री अकराला पाऊस, लाईट गेली, सून बाळंतीण, घरात धावपळ. अशा वेळी आठवण दगा देते. जी व्यवस्था आठवणीवर चालते तिला व्यवस्था म्हणू नये, असे माझे मत आहे.

एकच दांडा, तीन जागा

उपाय जुना आणि साधा आहे. त्याचे नाव चेंजओव्हर स्विच. लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीतून बाहेर आलेला एकच दांडा. एका बाजूला ढकलला की घर खांबावरच्या विजेला जोडले जाते, दुसऱ्या बाजूला ढकलला की जनरेटरला, आणि मध्ये ठेवला की कशालाच नाही. दोन्हीकडे एकदम जोडणी होऊच शकत नाही, कारण दांडा एकच आहे. तुम्ही विसरलात, पोराने चुकून केले, पाहुण्याने हात लावला, तरी होत नाही. सगळी करामत एवढीच.

घेताना एक गोष्ट घासून विचारा. घरातल्या सिंगल फेज जोडणीला दोन पोलचा चेंजओव्हर हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. थ्री फेजला चार पोलचा, तीन फेज आणि चौथा न्यूट्रल. स्वस्तात मिळतो म्हणून न्यूट्रल न तोडणारा उचलू नका. कारण वर सांगितले आहे. त्याची अँपिअरची क्षमता तुमच्या मेन स्विचपेक्षा कमी असू नये. साध्या घराला ३२ अँपिअर बहुधा पुरते, गिरणी किंवा डेअरीला ६३ वा १०० लागेल. आयएसआय छाप आणि नामवंत माल पाहून घ्या. खर्चाचे म्हणाल तर घरगुती चेंजओव्हर एका दुभत्या म्हशीच्या आठवडाभराच्या दुधात बसतो.

त्याची जागा मीटर आणि मेन स्विचच्या नंतर, घरातल्या फ्यूज बोर्डाच्या आधी. मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाच्या बाजूला, काहीही करायचे नाही. तिथले सील महावितरणचे, हात लावाल तर वेगळेच लफडे मागे लागेल. काही हुशार लोक चेंजओव्हर फक्त हॉलच्या दिव्या-पंख्यांना लावतात आणि बाकी घर जनरेटरशिवाय ठेवतात. ही कल्पना वाईट नाही, जनरेटरवर जादा भारही येत नाही. फक्त त्या निवडक दिव्यांचा झिरो बाकी घराच्या झिरोत कुठे मिसळलेला नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे लागते. जुन्या वायरिंगमध्ये तो नव्वद टक्के मिसळलेला निघतो असे वायरमन मंडळी सांगतात, आणि मला ते खरे वाटते.

जुना बोर्ड असेल तर

खरी कसोटी जुन्या घरांत आहे. लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी पेटीतला मेन स्विच, त्यात चिनी मातीचे दोन किटकॅट, आणि फ्यूजच्या तारेच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार. अशा बोर्डावर नुसता चेंजओव्हर ठोकून भागत नाही.

आधी न्यूट्रलमधला फ्यूज काढायला सांगा. पूर्वी फेज आणि झिरो दोन्हींत फ्यूज घालायची पद्धत होती. झिरोचा फ्यूज उडाला की दिवे बंद होतात, माणूस समजतो वीज गेली, पण फेज मात्र सगळ्या बोर्डात जिवंत असते. झिरोच्या जागी पक्की पट्टी हवी. मग फळी. वाळवी लागलेली, पावसाची ओल प्यालेली फळी काढून तिथे पत्र्याची अथवा प्लॅस्टिकची पेटी बसवावी आणि किटकॅटच्या जागी एमसीबी. मेन स्विचची पाती काळी पडलेली, सैल झालेली असतील तर तोही बदलून टाकावा. तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

जनरेटरची वायर आत कशी आणायची हा पुढचा प्रश्न. खिडकीतून वायर ओढून चेंजओव्हरला कायमची जोडलेली अनेक ठिकाणी दिसते. तिच्यावर दार आपटते, उंदीर कुरतडतात. त्यापेक्षा बाहेरच्या भिंतीवर, पावसाच्या माऱ्याला न येईल अशा उंचीवर, झाकणाचा इंडस्ट्रियल प्लग बसवून घ्या. सिंगल फेजचा निळा आणि थ्री फेजचा लाल असतो. इथे एक बारकावा आहे, तो वायरमनलाही आवर्जून सांगा. पिना भिंतीच्या बाजूला हव्यात आणि भोके जनरेटरकडून येणाऱ्या वायरीच्या टोकाला. उलटे केले तर जनरेटर चालू असताना वायरीच्या टोकाला उघड्या पिना राहतील, म्हणजे पुन्हा तीच दोन पिनांची वायर झाली. वायर तीन पदरी घ्यावी, तिसरा पदर अर्थिंगचा. दहा-पंधरा मीटर अंतर आणि तीनेक केव्हीएचा जनरेटर असेल तर तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची रबरी वायर बरी. लांब नेली तर जाड लागेल.

अर्थिंग आणि लाल बटण

अर्थिंगचा खड्डा म्हणजे वीजजोडणीच्या वेळी एकदा केला आणि विसरलो, असे घरोघरी असते. उन्हाळ्यात तो खडखडीत कोरडा पडतो. जनरेटर घेणार असाल तर त्याच्या सांगाड्याला अर्थिंग पाहिजेच. आणि मघाशी सांगितलेली सुट्या वायरींची भानगड मिटवण्यासाठी त्याचा न्यूट्रल जनरेटरपाशी अर्थिंगला बांधून घ्यावा लागतो. काही जनरेटरमध्ये तो आतूनच बांधलेला असतो. ते माहितीपत्रकात असते, नसेल तर वायरमन मीटर लावून सांगू शकतो. हा बंध घालायचा तर चेंजओव्हर न्यूट्रल तोडणाराच असला पाहिजे, नाहीतर तुमचा बंध आणि डीपीचा बंध एकमेकांत अडकतात.

हे एवढे का? तर अलीकडे पुष्कळ घरांत आरसीसीबी बसलेला असतो, ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात. तीस मिलिअँपिअर गळती झाली की तो वीज तोडतो आणि जीव वाचवतो. पण जनरेटरचा न्यूट्रल सुटा असेल तर माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेल्या विजेला परत जनरेटरकडे यायला रस्ताच नसतो. आरसीसीबीला गळती कळत नाही. पहिला दोष असा लपून राहतो आणि दुसरा दोष आला की माणूस सापडतो. त्याच्यावरचे तपासणीचे बटण दाबून बघाल तर ते खट्‌कन पडेल, कारण त्या बटणाचा रस्ता आतल्या आत असतो, त्याला जमीन लागत नाही. म्हणून बटण पडले म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका.

गोठा असलेल्यांनी अर्थिंगकडे जास्तच लक्ष द्यावे. गाय-म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर जास्त, गोठ्याची जमीन ओली. आपल्याला जेमतेम मुंग्या येतील एवढ्या दाबाने जनावर बिथरते, पाणी प्यायला तयार होत नाही.

जाता जाता धुराचे. जनरेटर घरात, बंद पडवीत, वैरणीच्या खोलीत किंवा शेडच्या कोपऱ्यात चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. पाऊस आहे म्हणून आत घेतला, हे कारण नेहमीचे आहे. बाहेर पत्र्याचे छप्पर करा, बाजू उघड्या ठेवा. पेट्रोल भरताना मशीन बंद करून थंड होऊ द्या.

पंपाचे वेगळे असते

शेतीपंपाला जनरेटर जोडणाऱ्यांनी आधी ताकदीचा हिशेब करावा. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. म्हणून थेट स्टार्टरवरच्या मोटरला अश्वशक्तीच्या दोन ते अडीच पट केव्हीए धरायचे, असा वायरमन लोकांचा ठोकताळा आहे. पाच एचपीच्या पंपाला दहा-बारा केव्हीए. दोन-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर तिथे नेऊन जोडणे म्हणजे शेळीला नांगराला जुंपणे.

चार पोलचा चेंजओव्हर स्टार्टरच्या आधी बसवला की जनरेटरच्या फेजचा क्रम तपासावा लागतो. क्रम उलटा असेल तर मोटर उलटी फिरते. मोनोब्लॉक असेल तर डोळ्यांना दिसते, पण बोअरमधली पाणबुडी उलटी फिरतेय हे दिसत नाही. पाणी थोडे येते आणि माणूस म्हणतो बोअर आटली. दुरुस्ती करताना वायरींची अदलाबदल चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला करायची, मोटरच्या बाजूला नाही. मोटरकडे बदल केला तर लाईनची वीज आल्यावर ती उलटी फिरेल.

तुमच्या पेटीत ऑटोस्विच असेलच. शेतीला थ्री फेज आठ-दहा तास, आठवड्याला पाळी बदलते, त्यातही रात्रीची पाळी. रात्री पेटीशी जाऊन उभे राहायला नको म्हणून तो लावलेला असतो. जनरेटरवर हा ऑटोस्विच बंद ठेवा. नाहीतर जनरेटर धड वेग घेण्याआधीच मोटर चालू होऊन दोन्हींना फटका बसतो.

आणखी एक, न विचारता सांगतो. कंडेन्सर लावून दोन फेजवर थ्री फेजची मोटर चालवायची युक्ती आपल्याकडे फार पसरली. अशी मोटर चालताना तिसऱ्या, बंद असलेल्या फेजवर स्वतःच दाब निर्माण करते. म्हणजे जनरेटर नसतानाही मेलेली समजली गेलेली तार जिवंत होते. वायरमनच्या जिवाला धोका इथूनही आहे, आणि मोटर जळते ती वेगळीच.

छतावर सोलर बसवलेल्यांनी हे बघावे. लाईनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज गेली की आपोआप थांबतो, तो धोका नाही. पण जनरेटर चालू झाला की त्याला वाटते लाईन आली, आणि तो आपली वीज जनरेटरमध्ये ढकलू बघतो. छोटा जनरेटर त्यात बिघडतो. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या खांबाकडच्या बाजूला ठेवावी, म्हणजे दोघांची गाठ पडत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

पंचायतीच्या ताब्यात काय काय येते ते बघा. पाणीपुरवठ्याचा पंप, कार्यालय, शाळा, समाजमंदिर, दिवाबत्ती. उपकेंद्र वा आरोग्य केंद्र असेल तर तिथे लसींचा फ्रीज, दोन ते आठ अंशांत राखायचा. पुराच्या वा वादळाच्या दिवसांत भाड्याचा जनरेटर आणला जातो आणि तो ऑपरेटर मिळेल त्या वायरीला चिमटे लावतो. ऐन वेळी त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. पाण्याच्या पंपघरात आणि उपकेंद्रात चेंजओव्हर आणि बाहेरचा प्लग आधीच बसलेला असेल, तर जनरेटर कोणाचाही आला तरी जोडणी एकाच सुरक्षित जागी होते. पावसाळ्याआधीच्या मासिक सभेत हा विषय घ्या. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याचा चाचणी अहवाल दप्तरात लावा.

लग्न, जत्रा, गणपती यांच्या मांडवाचे तेच. समाजमंदिर भाड्याने देताना पावतीवर एक ओळ छापा की जनरेटर चेंजओव्हरशिवाय जोडता येणार नाही. आणि गावात कोणाकोणाकडे जनरेटर आहेत याची यादी करून महावितरणच्या शाखा कार्यालयात एक प्रत द्या. वादळानंतर परगावची तुकडी आली की तिच्या प्रमुखाच्या हातात तीच यादी ठेवा. यासाठी निधी लागत नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असलेली बरी. वीजसुरक्षेचे १९५६ चे जुने नियम गेले, त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे विनियम आले. वीज कंपनीच्या संमतीशिवाय आपला जनरेटर तिच्या लाईनशी समांतर चालवता येत नाही. मोठ्या जनरेटरसाठी विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते, म्हणून डेअरी किंवा गिरणीवाल्यांनी खरेदीआधी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात एक चक्कर मारावी. आणि आपल्या हलगर्जीपणाने कोणाचा मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती.

काम झाल्यावर

ठेकेदाराला पैसे देण्याआधी एक परीक्षा करून घ्या. ती वीज गेलेली असतानाच करायची असते आणि वायरमननेच करायची. चेंजओव्हर जनरेटरच्या बाजूला टाकून जनरेटर चालू करा, घरातले दिवे लावा. मग त्याला मेन स्विचच्या वरच्या टर्मिनलवर, मीटरकडून येणाऱ्या फेजवर, टेस्ट लॅम्प लावायला सांगा, एक टोक फेजला आणि दुसरे अर्थिंगला. नंतर तसाच झिरोवर. लुकलुकणारा टेस्टर नको, तो जवळच्या वायरीच्या नुसत्या प्रभावानेही लुकलुकतो. होल्डरमध्ये खरा पिवळा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प पाहिजे. दोन्ही ठिकाणी बल्ब अजिबात लागता कामा नये. मंद लाल झाला तरी जनरेटर थांबवा, दांडा मध्ये आणा आणि कोणता झिरो कुठे मिसळलाय ते सापडेपर्यंत त्याला जाऊ देऊ नका.